आंबट वेगळे, नासलेले वेगळे

"आमच्या सासऱ्यांनी आंबट बिअर प्यायला घेतली आणि ती आंबट आहे म्हणून परत पाठवली! त्याआधी पाच मिनिटं ग्लासखालची पुठ्ठ्याची चकती हुंगत बसले होते. शेवटी त्या बिचाऱ्या बिअर बनवणाऱ्याला दया आली, त्यानं लिंबू सरबत आणून दिलं, तेव्हा कुठे शांत झाले."

हे माझ्या जावयाचे कथन. मी ते शब्दाला शब्द उतरवू शकतो, कारण गेल्या तीन महिन्यांत माझ्या देखत ते अनेकदा सांगितले गेले आहे आणि दर वेळी त्यात काना-मात्रेचाही फरक पडलेला नाही. 'हुंगत' या शब्दापाशी तो किंचित थांबतो, नाक आक्रसतो आणि हशाची वाट पाहतो. हशा येतो. घडलेली गोष्ट सांगणारा माणूस अडखळतो, मागे जातो, 'नाही, त्याच्या आधी' असे म्हणून स्वतःला दुरुस्त करतो. ज्याची गोष्ट इतकी गुळगुळीत झाली आहे त्याने ती आठवलेली नसून पाठ केलेली आहे, हे ऐकणाऱ्यांनी एवढ्यावरूनच ओळखायला हवे होते. पण आमच्या नात्यागोत्यात ऐकणाऱ्यांचे लक्ष गोष्टीपेक्षा जेवणाकडे अधिक असते.

तरीही मी गप्प राहिलो असतो. म्हाताऱ्या माणसावर घरच्यांनी एखादा विनोद बसवणे ही रीतच आहे. तो सोसणे हा वार्धक्याचा भाग समजून मी सोडून दिले असते. परंतु ही गोष्ट तळेगावच्या आमच्या दिवाणखान्यातून निघाली आणि कार्ल्याच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावापर्यंत गेली. तिथे तिने माझे जे नुकसान केले ते मला सोसण्यासारखे नाही.

त्यासाठी मी आयुष्यभर काय केले ते सांगणे भाग आहे. मी नोकरी केली ती दूध संकलन केंद्रावर. माझे काम ऐकायला क्षुल्लक होते. पहाटे गावोगावचे कॅन फलाटावर उतरत, मी एकेक झाकण उचली, वास घेई आणि 'घ्या' किंवा 'बाजूला' असे म्हणे. यंत्रे नंतर होती, प्रयोगशाळा नंतर होती. आधी मी होतो. कारण एक फिरलेला कॅन टाकीत पडला की साऱ्या गावांचे दूध वाया जाते. नवख्या माणसाची चूक एकच असते: तो वाकतो आणि दुधाचा वास घेतो. वास दुधाचा घ्यायचा नसतो, झाकणाचा घ्यायचा असतो. बंद कॅनमध्ये जे काही दडलेले असते ते वर येऊन झाकणाच्या आतल्या बाजूला साचून राहते. झाकण उचलताच ते नाकाशी आणायचे, एक श्वास, बस. दुसरा श्वास घेणारा माणूस निर्णय घेत नसतो, सबब शोधत असतो. या कामासाठी मी आयुष्यात तंबाखूला शिवलो नाही, फलाटावरचे काम आटोपेपर्यंत चहाही कधी घेतला नाही. बाजूला काढलेल्या कॅनचे मालक माझ्यावर धावून येत. "आबा, म्हस आजारी न्हाई, तुमचं नाकच आजारी हाय!" असे एकाने साऱ्या फलाटासमोर मला सुनावले होते. मी त्याचे झाकण त्याच्याच नाकाला लावले. तो कॅन उचलून चालता झाला.

निवृत्तीनंतर त्या नाकाचा उपयोग वर्षातून एकदा उरला. चैत्रात ग्रामदेवतेच्या उत्सवाला आमच्या गावी गव्हाची खीर होते. दूध घरोघरचे येते. कोणी कळशी आणतो, कोणी कॅन. गूळ घातलेल्या गरम खिरीत जरा फिरलेले दूध पडले तर अख्खी कढई फाटते आणि पंगत उपाशी उठते. म्हणून कढईजवळ मी उभा राहतो. गावातला धनवान असो की भूमिहीन, त्याचे दूध माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय कढईत जात नाही. मला मिळालेला मान म्हणाल तर एवढाच. शाल-नारळ मी घरी ठेवत नाही.

या माघात पुतण्या तळेगावला आला. भावाचा मुलगा, शेती करतो, उत्सवाचे काम यंदा त्याच्याकडे आहे. चहाचा कप हातात फिरवत तो बराच वेळ भाताच्या भावाविषयी बोलला. भात विकून झाला होता. त्यामुळे तो दुसऱ्याच कशासाठी आला आहे हे मला कळले.

"आबा, औंदा तुमी खुर्चीवर बसा. कढईपाशी लय धग असती."

"मागल्या वर्षी धग नव्हती?"

"तसं न्हाई वो. पोरं म्हणत्यात, त्या पट्ट्या मिळत्यात दुधाच्या. बुडवायची, रंग बदलला की कळतंय."

"पोरं म्हणतात की कोणी पोरांना सांगितलं?"

तो कपात बघू लागला. "दाजी बोलले, हळदीच्या जेवणात. मंजी हसत हसतच बोलले. आंबटाला आंबट म्हणून माघारी धाडलं म्हणं तुमी. आन् ते पुट्ट्याचं... वयामुळं व्हतंय आबा, त्यात काय."

तो गेल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, खुर्चीवर बसायला सांगितलंय. तुरुंगात नाही घातलं."

खुर्ची म्हणजे काय हे तिला माहीत नाही. उत्सवात खुर्चीवर ज्यांना बसवतात त्यांना पहिले ताट मिळते आणि कोणी काही विचारत नाही.

आता त्या रविवारचे खरे सांगतो.

लोणावळ्यात जुन्या महामार्गापासून आत एका बंगल्याची ब्रुअरी झाली आहे. तिथे बिअर विकत आणून पाजत नाहीत, तिथेच बनवतात. जावयाने तिथे टेबल राखून ठेवले होते. माझी मुलगी होती, मी होतो आणि जावयाचा कचेरीतला एक मित्र होता. हा मित्र बिअरमधला जाणकार. जाणकार म्हणजे प्रत्येक ग्लासाला फोनवर पाचपैकी किती तारे द्यायचे ते तो ठरवतो. त्याने ग्लास उजेडात धरून फोटो काढले, मग ग्लास टेबलावर ठेवून वरून फोटो काढले आणि फेस बसल्यावर प्यायला सुरुवात केली. फेस बसल्यावर! लग्नातले जेवण थंड करून वाढण्याची पद्धत ज्यांनी काढली त्यांच्याच कुळातला हा माणूस.

मला ती जागा आवडली नाही असेही सांगितले जाते. तेही खोटे आहे. काचेपलीकडच्या स्टीलच्या टाक्या मी उठून जाऊन पाहिल्या. सांधे स्वच्छ होते, पाइप ओळीने टांगलेले होते, फरशी ओली पण निसरडी नव्हती. जिथे फरशी अशी असते तिथे काम करणारा माणूस चांगला असतो, हे मला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. पुढे जे मी केले ते त्या माणसाविषयीच्या आदरापोटी केले. टेबलावरच्या दोघांविषयी मला आदर असता तर मी त्यांनाच सांगत बसलो असतो.

आणि बिअर मी मागवली नव्हती. ती जावयाने मागवली. "आबा, गव्हाची आहे, तुमच्या खिरीसारखी," असे म्हणून तो मित्राकडे पाहून हसला. वर "ही सावर आहे हं, जरा आंबट लागेल," असेही त्याने बजावले. म्हणजे ती आंबट असणार हे मला ठाऊक होते, आणि ते मला सांगणारा माणूस खुद्द जावईच होता. हे वाक्य त्याच्या कथनात कधीच येत नाही. का येत नाही याचा विचार त्याला हसणाऱ्यांनी करावा.

पहिला घोट मी घेतला. आंबटपणा उत्तम होता. ताज्या ताकाचा असतो तसा स्वच्छ, जिभेच्या कडेने धावणारा आणि लगेच विरणारा. मी तसे म्हणालोही. मुलीने ते ऐकले होते. आज तिला आठवत नाही, कारण नवऱ्याच्या गोष्टीत त्याला जागा नाही. पण घोट उतरल्यावर मागून दुसरेच काही आले. तान्हे बाळ दूध उलटते आणि आईच्या पदराला जो वास राहतो, तो. लोणी मडक्यात विसरावे आणि आठवडाभराने झाकण उघडावे, तो. बिअर गार होती, फेसाळ होती, म्हणून तो दबून होता. पण होता.

तेव्हा मी माझ्या पद्धतीने पाहिले. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून त्याची थंडी मोडली. त्याच्यावर ती पुठ्ठ्याची चकती झाकण म्हणून ठेवली. ग्लास हलवला, थोडा थांबलो, चकती उचलली आणि नाकाशी आणली. एक श्वास. ग्लासखालची चकती हुंगली म्हणणारा माणूस अर्धे खरे बोलतो: चकती ग्लासखालची होती, मी ती ग्लासावर ठेवली होती. खाली आणि वर यांतला फरक ज्याला चार फुटांवरून दिसत नाही त्याने दुसऱ्याच्या इंद्रियांची चौकशी करावी, हे धैर्य विशेष आहे.

"हे खराब आहे," मी म्हणालो.

"अंकल, ही सावर आहे," मित्र म्हणाला. "याची सवय लागावी लागते."

"आंबट मला कळतं. मी आंबटाबद्दल बोलत नाही. मागून काय येतंय ते बघा."

त्याने घोट तोंडात फिरवला, डोळे मिटले. "हिरवं सफरचंद. आणि थोडा फंक."

"फंक म्हणजे?"

"म्हणजे... गोठ्यासारखा एक वास. मातीतला. चांगला मानतात तो."

"गोठ्याचा वास मला शिकवू नका. गोठा झाडलेला असेल तर असा वास येत नाही."

"आबा, प्लीज," मुलगी म्हणाली.

"त्यांना ताक मागवू का?" जावई म्हणाला आणि दोघे हसले. त्यांनी आपापले ग्लास संपवले आणि आणखी एकेक मागवला. हाच त्यांचा पुरावा आहे: आम्ही दोघे प्यायलो, आम्हाला काही जाणवले नाही. फलाटावरची मांजरेही बाजूला काढलेल्या कॅनचे दूध पीत असत. त्यांचे मत मी कधी विचारले नाही.

मी वाढपी मुलीला म्हणालो, ज्याने ही बनवली त्याला बोलवा. थोड्या वेळाने एक तिशीतला गृहस्थ आतून आला. पायांत रबरी बूट, बाह्या वर दुमडलेल्या. अशा माणसाने तक्रार ऐकून घेताना चेहऱ्यावर जे हसू आणायचे असते ते त्याने आणले.

"काका, ही अशीच असते. आम्ही मुद्दाम आंबवतो. दह्यात असतात तसले जिवाणू गव्हाच्या काढ्यात सोडतो, तो दीड-दोन दिवस कोमट ठेवतो, मग पुन्हा उकळतो."

"कोमट ठेवलं होतं तेव्हा वीज गेली होती का?"

त्याचे हसू थांबले. "गेली होती. एका रात्री. चार-पाच तास."

"म्हणजे काढा निवला. दह्याचं विरजण गारठलं की दुसरे पाहुणे येऊन बसतात. पुन्हा उकळलंत तेव्हा पाहुणे मेले, पण त्यांनी जे करून ठेवायचं ते करून ठेवलं होतं. हे झाकण घ्या."

मी पुन्हा ग्लास झाकला, हलवला आणि चकती त्याच्या हातात दिली. त्याने एक श्वास घेतला. दुसरा घेतला नाही. मला त्या क्षणीच तो माणूस आवडला.

"मी बघतो, काका," तो म्हणाला आणि माझा ग्लास घेऊन आत गेला. नंतर लिंबू सरबत आले, हे खरे. ते मी प्यायलो, हेही खरे. दया कोणी कोणावर केली याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे.

मला वाटले होते की विषय संपला.

पुतण्या येऊन गेल्यावर मात्र मला एक गोष्ट करावीशी वाटली आणि ती मी लपवणार नाही. मी ओट्यावर तीन वाट्या मांडल्या. एकीत आजचे दूध, एकीत कालचे, एकीत सकाळपासून बाहेर राहिलेले. वर बशा झाकल्या, पत्नीला त्या हलवायला सांगितले आणि डोळे मिटून एकेक बशी उचलली. तिन्ही ओळखल्या.

"झालं समाधान?" पत्नीने विचारले.

झाले नव्हते. बाहेर राहिलेले दूध कोणालाही ओळखता येते. नाक गेले आहे की नाही हे सोप्या परीक्षेत कळत नाही; अवघड परीक्षा एकच झाली होती आणि तिचा निकाल मला कोणी सांगितला नव्हता. आत गेलेल्या त्या ग्लासाचे पुढे काय झाले? त्या गृहस्थाने तो मोरीत ओतून आमच्या टेबलाकडे पाहत नाक मुरडले असेल, तर माझा जावई खरे बोलत होता आणि मला खुर्चीवर बसणे भाग होते. चैत्राला महिना उरला होता. कढईपाशी उभा राहून मी चूक केली तर गावाची पंगत उठेल, याची जाण मला पुतण्यापेक्षा अधिक आहे.

म्हणून एका बुधवारी सकाळी मी लोकलने एकटाच लोणावळ्याला गेलो. घरी सांगितले की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. ब्रुअरी उघडायची होती, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. तो गृहस्थ फरशीवर पाणी मारत होता. मला पाहताच त्याने नळी खाली ठेवली.

"काका! या, या. मला वाटलं होतं, तुम्ही एकदा तरी फोन कराल."

"मी एकच विचारायला आलोय. त्या बिअरचं काय केलंत?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

"कोणी?"

"अहो, त्याच रात्री ओतून दिली की. सगळी टाकी. तुम्ही गेल्यावर मी टाकीतूनच घेऊन कोमट करून बघितली. इतके दिवस गार गारच चाखत होतो, म्हणून कळलं नव्हतं. टेबल ज्या नंबरवरून राखलं होतं त्या नंबरवर दुसऱ्या दिवशी मेसेज केला मी. तुमचा नंबर नव्हता ना माझ्याकडे."

त्याने फोन काढून मला दाखवला. त्यात असे लिहिले होते: 'नमस्कार. काल तुमच्यासोबत आलेल्या काकांना कृपया सांगा की त्यांचं बरोबर होतं. बिअर खराब निघाली. पूर्ण टाकी रिकामी केली आहे. तुम्हा सर्वांना ती प्यावी लागली याबद्दल क्षमस्व.' वर जावयाचा नंबर होता.

मी तो मजकूर दोनदा वाचला. मग त्याला तो माझ्या फोनवर पाठवायला सांगितले आणि तिथेच बसून पुतण्याला धाडला. स्टेशनवर पोहोचेपर्यंत त्याचा फोन आला.

"आबा, चुकलं बगा. तुमी उभं ऱ्हावा. पर पट्ट्या आणून ठेवल्यात, त्यांचं काय करू?"

"माझ्यानंतर बुडव."

"आन् पट्टीनं येगळंच सांगितलं तर?"

"तर पट्टीला खुर्चीवर बसव."

तो मोठ्याने हसला. गावी मी पुन्हा उभा राहणार आहे. तो प्रश्न मिटला.

जावयाचा मात्र मिटलेला नाही. मी त्याला फोन केला तेव्हा त्याने आवाजही न बदलता दुसरी गोष्ट तयार केली. "अहो आबा, तो मेसेज मी आत्ता तुमच्याकडूनच ऐकतोय. दिवसाला दोनशे मेसेज येतात, कुठे कुठे बघणार? माहीत असतं तर मी असं बोललो असतो का?" मुलीनेही मागून दुजोरा दिला की यांचे मेसेज खरेच पडून राहतात. आता हेच कथन पसरू लागले आहे: बिचाऱ्याला ठाऊकच नव्हते, आणि आबा मात्र एवढ्याशा गोष्टीसाठी लोणावळ्यापर्यंत गेले.

या दुसऱ्या कथनाला मी लांबलचक उत्तर देणार नाही. ब्रुअरीतून निघण्यापूर्वी त्या निरोपाखालच्या दोन निळ्या खुणा कशाच्या, असे मी त्या गृहस्थाला विचारले होते. "वाचल्याच्या," तो म्हणाला आणि निरोपावर बोट दाबून धरून त्याने मला वाचल्याची वेळही दाखवली. जावयाने ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती मंगळवारी, आमच्याच घरी, माझ्या समोर बसून. निरोप उघडून वाचला गेला होता सोमवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.